मिस्त्रीच्या कानावर चालणारी गाडी

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणी भागात ट्रकच्या आयुष्याचे साधारण तीन टप्पे असतात. नवी गाडी लांबच्या लाइनवर पळते, मुंबई-अहमदाबाद नाहीतर बंगळूर-चेन्नई. दहा-बारा वर्षांनी ती दुसऱ्या मालकाकडे येते आणि तंबाखू, सिमेंट, खत अशा जवळच्या भाड्याला लागते. तिसऱ्या मालकाच्या दारात उभी राहते तेव्हा हौद्याच्या निम्म्या फळ्या बदललेल्या असतात. मग हंगामात कारखान्याचा ऊस ओढायचा आणि हंगाम संपला की विटा आणि मुरूम.

गाडी महाराष्ट्रातली असेल तर मधे एक कागदी प्रवासही होतो. जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला आणायचा, चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीने घासून ठसा काढायचा, कर्नाटकाचा टॅक्स भरायचा. एमएच 09 ची गाडी मग चिकोडीची केए 23 होते. पाटी बदलते, इंजिन तेच.

इतकं वय झालेलं यंत्र चालू ठेवणं परवडतं कसं? मालकाचा गाडीवर जीव असतो, पण जीवावर डिझेल येत नाही. खरं कारण असं की गाडी उघडणारा मिस्त्री, तिचा क्रँक घासणारं ग्राइंडिंग मशीन आणि लोखंड ओतणारी भट्टी ही सगळी साखळी निपाणी ते बेळगाव एवढ्या पट्ट्यात हाताशी आहे.

ही साखळी हळूहळू जुळत गेली. स्वातंत्र्याच्या आसपास इथल्या रस्त्यांवर शेव्हरोले, फोर्ड, डॉज, फार्गो, बेडफर्ड असे परदेशी बनावटीचे ट्रक होते. काही तर महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावातून आलेले. 1954 मध्ये टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागला. पुढे लांब नाक, त्यावर तीन टोकांची चांदणी, आत सहा सिलिंडरचं 4.6 लिटरचं डिझेल इंजिन. करार 1969 मध्ये संपला आणि चांदणीच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. मद्रासजवळच्या एन्नोरला 1955 पासून अशोक लेलँड होतीच. डिझेल पंप आणि नोझल बनवणारी मायको 1951 पासून बंगळूरला. टेल्को पुढे पुण्यातही आली. पुणे-बंगळूर हमरस्त्यावरच्या बेळगावला त्यामुळे टाटाचा माल वरून आणि लेलँड-मायकोचा खालून मिळू लागला. रात्री निघालेलं पार्सल सकाळी मिस्त्रीच्या हातात.

ही जुनी डिझेल इंजिनं दुरुस्त होतात, कारण त्यांत लपलेलं काही नाही. पंप गिअरवर फिरतो, ठरल्या क्षणी ठरल्या नळीत डिझेल ढकलतो, नोझल ते फवारतं. एकदा चालू झाल्यावर बॅटरी काढून ठेवली तरी इंजिन बंद पडत नाही. बंद करायला स्टॉपरची तार ओढावी लागते.

तवंदी घाटात डिझेल संपून गाडी ‘एअर धरते’ तेव्हा हे नीट समजतं. टाकीत डिझेल ओतलं तरी इंजिन उठत नाही, कारण नळ्यांत हवा बसलेली असते आणि हवा दाबली जाते, पुढे जात नाही. जुना ड्रायव्हर घाई करत नाही. फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे सैल करतो आणि क्लीनरला हातपंप मारायला सांगतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धारेत एकही बुडबुडा दिसेना की बोल्ट आवळायचा. मग नोझलच्या नळ्यांची नटं सैल करून सेल्फ मारायचा. तिथेही थेंब उडाला की नट घट्ट. साहित्य काय लागलं, तर एक पाना आणि डोळे.

इंजिन उतरवण्याइतकं काम निघालं की गाडी बेळगावच्या वाटेला लागते. क्रँक झिजून लांबट गोल झालेला असतो. ग्राइंडिंगवाला मायक्रोमीटर लावून मापं घेतो आणि पाव मिलिमीटर घासतो. तेवढ्याच मापाने जाड बेअरिंग घातलं की क्रँक पुन्हा नव्यासारखा बसतो. पुढच्या वेळी अर्धा, मग पाऊण, मग एक मिलिमीटर. त्यानंतर मात्र घासायला अंग उरत नाही. इंजिनाचं किती आयुष्य खर्ची पडलंय, हे बेअरिंगच्या डब्यावरचा आकडा वाचून कळतं.

बेळगावला ही हातोटी आली कुठून? 1888 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर इथे सायकलचं दुकान काढलं. त्यातूनच कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर निघाले. नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा 1910 मध्ये कारखाना औंध संस्थानात गेला आणि किर्लोस्करवाडी वसली. कारखाना गेला तरी गावाची लोखंडाशी ओळख तुटली नाही. आज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या वाहन आणि पंप उद्योगाला ओतीव भाग पुरवतात. इथलीच बेमको कंपनी 1957 पासून हायड्रॉलिक प्रेस आणि जॅक करते. सुरेश हुंद्रे यांनी 1981 मध्ये हायड्रॉलिक भाग बनवणारी पॉलिहायड्रॉन उभी केली. धारवाडला खोदाई यंत्रांचा टाटा-हिताचीचा कारखाना आहे. म्हणून ट्रकबरोबर जेसीबीचा सिलिंडर आणि डंपरचा जॅकही इथे खोलला जातो. मिस्त्री मालकाशी मराठी, फाउंड्रीत कन्नड आणि परप्रांतीय ड्रायव्हरशी हिंदी एका दमात बोलतो. सीमावादाच्या सभा ज्या गावात गाजल्या, त्याच गावात गॅरेजचा कारभार असा चालतो.

आता गणित बिघडतंय. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या ट्रकच्या फिटनेस नूतनीकरणाची फी साडेबारा हजारांवर गेली. आठ वर्षांनंतर हे पासिंग दरवर्षी. वर्षातून चार-पाच महिने ऊस ओढणाऱ्याला ते जड जातं. पण जुन्या गाडीचे गोडवे गाताना तिचा काळा धूर आणि घाटातले तापलेले ब्रेक विसरून चालणार नाही. रस्ता चौपदरी झाला, वेग वाढला. पन्नासच्या दशकात आखलेली गाडी त्या वेगासाठी नव्हती.

धूर कमी व्हावा म्हणूनच 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 या प्रदूषण निकषांची इंजिनं आली. डिझेल किती आणि कधी सोडायचं, हे आता संगणक ठरवतो. गाडीत डिझेलबरोबर युरियाचं पाणी भरावं लागतं. इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावणारा आणि ठोका कुठल्या बेअरिंगचा हे सांगणारा मिस्त्री अशा गाडीपुढे हतबल होतो. त्याचं कौशल्य संपलेलं नसतं. गाडीच त्याच्याशी बोलायची बंद झालेली असते. तिला वाचणारा स्कॅनर आणि वायरिंगचा नकाशा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. सेन्सर बिघडला तर गाडी टोचन करून तिथेच न्यावी लागते, भाडं बुडतं ते वेगळंच.

केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. त्यात वाहनंही धरली आहेत. सीमाभागातल्या मालकाला त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा पोर्टलवरची माहिती रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत येईल. जुन्या टाटा भंगारात जातील. जाव्यात. पण त्यांच्यावर हात बसलेली माणसं भंगारात काढणं कोणालाच परवडणारं नाही, कारण आजची नवी गाडीही दहा वर्षांनी दुसऱ्या मालकाकडे आणि वीस वर्षांनी उसाच्या फडाकडेच येणार आहे. तेव्हा ती उघडता येईल का, हे आजच ठरतंय.