मूळ सायकल कोणती?



मागच्या व्याख्यानात आपण वस्तूचं एकत्व हा विषय घेतला होता. भाग बदलत गेले तरी वस्तू तीच राहते का, हा तो प्रश्न. व्याख्यान संपल्यावर एक चिठ्ठी आली : "सर, जहाज आणि रथ पुरे झाले. घरातलं काहीतरी सांगा." तक्रार रास्त आहे. म्हणून आज सायकल घेऊ या. ही सायकल आम्ही आणि आमच्या धाकट्या भावाने गेल्या पावसाळ्यात, घराच्या मागच्या गॅलरीत बसून दुरुस्त केली. भाऊ आयुष्यभर कारखान्यात टर्नर होता, आणि आमचा हत्यारांशी संबंध खडू आणि डस्टरपुरता. तेव्हा यात जे नीट जमलं ते त्याचं, चुका आमच्या, असं धरून चाला.

सायकल रॅले. काळी, दांडीची, २८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची. रॅले ही कंपनी मूळची इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची. पण स्वातंत्र्यानंतर बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला, आमची सायकल तिथली. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती १९५८ साली घेतली. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. नारायण पेठेतून रोज जायचं-यायचं ते सायकलवरच. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा वाड्याच्या अंगणात उभी असलेली ही सायकल पाण्याखाली गेली. अण्णांनी ती चिखलातून काढली, धुतली, उघडली आणि पुन्हा चालती केली. पुढे १९८६ला निवृत्त होईपर्यंत तीच वापरली. नंतर ती जिन्याखाली गेली.

मध्यंतरी एकदा आम्ही ती एका दुकानात 'ओव्हरऑइलिंग'ला टाकली होती. परत आली तेव्हा चामड्याच्या सीटच्या जागी फोमचं सीट होतं. "जुनं भंगारात दिलं साहेब, फाटलं होतं," असं सांगितलं. त्या माणसाची चूक म्हणता येत नाही. त्याने दुरुस्ती केली होती. त्या सीटवर अण्णांच्या अठ्ठावीस वर्षांच्या बैठकीचा खळगा होता, हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. या कामातला पहिला नियम आम्ही तिथे शिकलो : काढलेला कुठलाही भाग टाकायचा नाही.

दुसरा नियम वहीचा. काही उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि जे जे सुटेल ते लिहा. आम्ही श्रीखंडाचे रिकामे डबे घेतले, प्रत्येकावर चिठ्ठी लावली. छर्रे मोजून ठेवायचे. आमच्या सायकलीत पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला १०, मागच्यात ९, आणि पायडलच्या एक्सलला प्रत्येक बाजूला ११. मागच्या हबच्या एका बाजूने आठच निघाले. एक कधीतरी हरवला असणार, आणि कुणीतरी तसंच ग्रीस भरून हब बंद केलेला. छर्रे आणि कोन यांच्यावर खड्डे दिसले की ते बदलावेत. इथे जुनेपणाचा मोह धरला तर हब कायमचा जाईल.

आता पायडल. उजवं नेहमीसारखं सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते सोडवायला पान्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. आम्ही दहा मिनिटं घाम गाळून ते अधिकच आवळत होतो. भाऊ चहा पीत बघत होता. म्हणाला, "दादा, तू पीएच. डी. ना?"

सगळ्यात अवघड काम कॉटर पिनचं. क्रँक एक्सलवर घट्ट बसावी म्हणून ही पाचरीसारखी पिन ठोकलेली असते, आणि साठ वर्षांत ती गंजून एकजीव होते. दोन दिवस आधीपासून तिच्यावर पातळ तेल सोडत राहायचं. मग नट पूर्ण न काढता पिनच्या टोकाशी बरोबर येईल इतका सैल करायचा, म्हणजे आट्यांना मार बसत नाही. क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवायचा, पिनचं डोकं त्या नळीत उतरेल असा. आणि मग एकच सरळ, ठाम घाव. भीत भीत घातलेले दहा घाव पिन वाकवतात. आमची उजवी पिन सुटली, डावी वाकली. वाकलेली पिन पुन्हा वापरायची नसते, नवी काही रुपयांत मिळते.

मग चाकं. जुन्या पद्धतीप्रमाणे पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, कारण वजन मागे पडतं. सळईच्या ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या अंगाला, वरच्या दिशेने लागतं. त्यामुळे नुसता डावा-उजवा आउट काढून भागत नाही, चाक गोलही असावं लागतं. ते अंडाकृती राहिलं तर ब्रेक प्रत्येक फेरीत एकदा धरतो, एकदा सोडतो. क्रोमवरच्या गंजासाठी अॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासली तर पुरे. पॉलिश पेपर लावू नका, तो गंजाबरोबर क्रोमही नेतो.

इथपर्यंत आमचं काही भांडण नव्हतं. ते सुरू झालं एका रविवारी. सीटची नळी काढून आम्ही सांगाडा उलटा केला आणि आतून राखाडी, कोरडी माती पडली. वाटीभर असेल. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पानशेतचा गाळ. अण्णांनी सायकल उघडून धुतली, पण नळीच्या तळाशी एवढा राहिला होता आणि त्याच्यासकट ते पंचवीस वर्षं खडकीला जाऊन आले. माती ओल धरते, आतून लोखंड खाते, म्हणून ती काढणं भागच होतं. आम्ही ती एका छोट्या बरणीत भरली. भावाला हे खुळेपण वाटलं, पण बरणी धुऊन त्यानेच आणून दिली.

भांडण झालं ते मागच्या मडगार्डवरून. ते रॅलेचं नव्हतंच. पुरानंतर मूळचं वाकून गेलं असावं. अण्णांनी दुसऱ्या कुठल्या तरी सायकलीचं बसवलं, भोकं जुळेनात म्हणून एक पट्टी ठोकली, आणि वर हाताने काळा रंग दिला. भाऊ जुन्या बाजारातून अस्सल रॅलेचं मडगार्ड शोधून घेऊन आला. त्याचं म्हणणं असं, की सायकल मूळ रूपात आणायची तर सगळं रॅलेचंच पाहिजे, आणि रंगही नवाकोरा. आमचं म्हणणं, कशालाही हात लावू नये.

आता सांगा, त्या सायकलीचं अधिक 'मूळ' मडगार्ड कोणतं? कारखाना तोच, पण आयुष्य भलत्याच माणसाच्या सायकलवर गेलेलं, ते? की कारखाना परका, पण पंचवीस वर्षं याच सायकलवर पावसाचं पाणी झेललेलं, ते?

मिलिंद राजाला नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. प्रत्येक वेळी उत्तर नाही असं येतं. रथ हे भागांच्या आधाराने दिलेलं एक नाव आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्या जुन्या ग्रीक जहाजाच्या प्रश्नाला आणखी एक पेच जोडला : काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? वर्गात आम्ही हे तीस वर्षं शिकवलं, पण तिथे कुणाला उत्तर ठरवून नट आवळायचा नव्हता. गॅलरीत तो आवळायचा होता.

आम्हाला वाट सापडली ती वास्तू जपणाऱ्यांकडे. १९६४ साली व्हेनिसला झालेल्या सनदेत दोन गोष्टी आहेत. एक, जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबली पाहिजे. दुसरी, इमारतीवर प्रत्येक काळाने जी भर घातली तिचा मान राखला पाहिजे, सगळं एका शैलीत आणणं हे ध्येय नव्हे. हे सायकलीला लावून पाहिलं, आणि आमच्या दोघांचीही चूक दिसली. भावाची सायकल १९५८च्या दुकानात उभी होती, आमची जिन्याखाली. अण्णांची सायकल दोन्हीकडे नव्हती, ती रस्त्यावर होती. तिचं सातत्य धातूत कमी आणि वापरात, डागडुजीत जास्त होतं. अण्णा स्वतः काहीही बदलायला कचरत नव्हते. फक्त गरज पडली तरच बदलत.

म्हणून आम्ही ठरवलं : झीज होऊन धोका असेल तर भाग बदलायचा. खूण असेल पण धोका नसेल, तर राहू द्यायची. आणि आपल्या सोयीसाठी काही करायचं तर ते असं, की उद्या कुणालाही उलटवता यावं. सांगाड्याला नवी भोकं पाडायची नाहीत, काही वेल्ड करायचं नाही.

अण्णांचं मडगार्ड राहिलं. रंग नुसता धुऊन पुसला. टायर, ट्यूब, ब्रेकची रबरं, चेन नवी. बदल दोनच केले. जुन्या दिव्याच्या खोक्यात आत एलईडी बसवला. आणि मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२चं लावलं. पुढे ४४ दाते आहेत. पूर्वी पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर जायची, आता साडेचार. वेग कमी झाला, पण सत्तरीतल्या गुडघ्यांना चढ झेपतो. १८चं फ्रीव्हील ग्रीस लावून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवलं आहे, जुन्या बाजारातल्या मडगार्डशेजारी.

वहीच्या शेवटच्या पानावर काय बदललं, कधी आणि का, हे दोघांच्या सहीने लिहिलं. वही सायकलीबरोबरच राहणार आहे. आमच्यानंतर जो कुणी ती चालवेल त्याला कदाचित आमचा एलईडी काढावासा वाटेल. त्याने जरूर काढावा, फक्त वहीत लिहावं.

दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली आणि पहाटे आम्ही लकडी पुलापर्यंत जाऊन आलो, एकदा आम्ही, एकदा भाऊ. मागचं मडगार्ड अजून थोडं वाजतं. भाऊ म्हणाला, "अण्णांच्या वेळीही वाजायचं." तो आवाज कशाने येतो ते आम्हाला कळलं आहे, एक वॉशर घातला की बंद होईल. घालावा की नाही, यावर अजून एकमत नाही. तुम्हाला काय वाटतं, ते चिठ्ठीवर लिहून द्या, पुढच्या वेळी तिथून सुरुवात करू.