क्यूची लाकडी पेटी

बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल हे तिन्ही खेळ एकाच कुळातले आहेत. हिरवी बनात ताणून बसविलेले टेबल, कठीण चेंडू आणि निमुळती लाकडी काठी एवढे साहित्य तिन्ही खेळांत समान आहे. या काठीस क्यू म्हणतात. यांपैकी स्नूकर हा खेळ भारतातच जन्मास आला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने तो प्रथम खेळविला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम निश्चित झाले, असे मानले जाते. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्ता येथे हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. तेव्हापासून मायकेल फरेरा, ओम अग्रवाल, गीत सेठी आणि पंकज अडवाणी यांच्यापर्यंत या खेळांतील भारतीय जगज्जेत्यांची परंपरा चालत आली आहे. पूल हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत वाढला. त्याच्या दोन भागांत उघडणाऱ्या क्यूसाठी सुबक पेट्या करण्याची कलाही तेथेच विशेष बहरली.

टेबल आणि चेंडू क्लबाचे असतात, क्यू मात्र खेळाडूचा स्वतःचा असतो. त्याचे वजन, तोल आणि टोकाची जाडी यांची हाताला वर्षानुवर्षे सवय झालेली असते. असा क्यू एकदा वाकला की तो पूर्ववत सरळ करण्याचा खात्रीचा उपाय नाही. म्हणून त्याची पेटी कशी असावी, या प्रश्नास खेळाडूच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. पेटी नीट बांधलेली नसेल तर ती क्यूचे रक्षण तर करीत नाहीच, उलट तीच त्याला वाकविण्यास कारणीभूत होऊ शकते.

क्यू का वाकतो

पूलच्या क्यूची दांडी बहुधा मेपलच्या लाकडाची असते. स्नूकरच्या क्यूसाठी ॲश आणि मेपल ही दोन्ही लाकडे वापरतात. झाड तोडल्यावरही लाकूड हवेतील बाष्प शोषून घेण्याचे आणि परत सोडण्याचे काम थांबवीत नाही. हवा दमट झाली की ते फुगते आणि कोरडी झाली की आकसते. मुंबईच्या भर पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या लाकडातील पाण्याचे प्रमाण हळूहळू त्याच्या कोरड्या वजनाच्या १६ ते १७ टक्क्यांपर्यंत चढू शकते. तेच लाकूड उन्हाळ्यात राजस्थानात नेले तर हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास उतरते. स्पर्धांसाठी गावोगाव हिंडणाऱ्या खेळाडूच्या क्यूला एका वर्षात असे अनेक चढउतार सोसावे लागतात.

हे फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ नगण्य असते. तंतूंना आडव्या दिशेने मात्र ते ठळक असते. ओल्या मेपलचा तुकडा पूर्ण सुकविला तर तो वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे १० टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे ५ टक्के. दांडीतील तंतू अगदी सरळ असतील आणि ओलावा सर्व बाजूंनी सारखा शिरेल, तर दांडी किंचित जाड किंवा बारीक होईल, पण वाकणार नाही. तंतू तिरपे असतील किंवा एक बाजू दमट आणि दुसरी कोरडी राहील, तेव्हा ती वाकते. ओलावा बदलत असताना लाकडावर सतत भार असणे हे वाकण्याचे आणखी एक कारण आहे. एरवी भार काढताच सरळ होणारे लाकूड अशा वेळी कायमचा बाक धरते. क्यू भिंतीला तिरपा टेकवून महिनोन्‌महिने ठेवू नये, असे जाणते खेळाडू सांगतात ते यासाठीच.

पेटीकडून काय अपेक्षा ठेवावी, हे यावरून स्पष्ट होते. कोणतीही लाकडी पेटी हवेतील बाष्प पूर्णपणे रोखू शकत नाही. ती बदलाचा वेग कमी करते. पेटीचे लाकूड स्वतः काही ओलावा शोषते आणि सोडते, त्यामुळे आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा सावकाश बदलते. हा बदल क्यूच्या सर्व अंगांना सारखा पोहोचावा आणि त्या काळात क्यूवर कोठेही दाब नसावा, एवढे साधले की पेटीचे काम झाले. मात्र पेटीदेखील लाकडाचीच असल्याने तिलाही हालचालीस जागा द्यावी लागते.

लाकूड आणि मापे

भारतीय लाकडांपैकी सागवान या कामास उत्तम. त्याचे आकसणे मेपलच्या मानाने बरेच कमी, म्हणजे स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ६ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्क्यांच्या आसपास असते. शिवणीचे लाकूड सागवानाहून हलके असून हवामानाच्या बदलातही ते आपला आकार चांगला टिकविते. शिसवी दिसण्यात देखणी खरी, पण पेटी हातातून वाहून न्यायची असल्याने तिचे वजन जाचक ठरते. लाकूड कोणतेही घेतले तरी ते पुरते रापलेले असावे. फळ्या लागणाऱ्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जाड कापून घ्याव्यात. मग मध्ये चिपा घालून त्या एकावर एक रचाव्यात आणि जेथे काम करायचे तेथेच दोन-तीन आठवडे ठेवाव्यात. या काळात ज्या फळीत पीळ किंवा बाक दिसेल ती बाजूला काढावी. उरलेल्या फळ्यांवर रंधा मारून त्या अंतिम जाडीस आणाव्यात.

पूलचा क्यू साधारणपणे १४७ सेंटिमीटर लांबीचा असतो आणि मधोमध उघडल्यावर त्याचे सुमारे ७४ सेंटिमीटरांचे दोन भाग होतात. मुठीचा भाग शेवटाशी सुमारे ३२ मिलिमीटर जाड असतो. दांडी सांध्यापाशी सुमारे २१ मिलिमीटर आणि टोकाशी १३ मिलिमीटर असते. दोन्ही भाग शेजारी शेजारी निजवायचे असतील, तर आतून ७८ सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच जागा पुरते. बाजूच्या फळ्या १० मिलिमीटर आणि वरखालचे पत्रे ६ मिलिमीटर जाडीचे धरल्यास सागवानी पेटीचे लाकूड सुमारे १,३०० ग्रॅम भरते. शिवणीचे १,००० ग्रॅमच्या जवळपास राहते. खुद्द क्यूचे वजन ५०० ते ६०० ग्रॅम असते, हे ध्यानात घेतल्यास फळ्या अधिक जाड का करू नयेत ते कळून येईल. स्नूकरच्या ज्या क्यूचा सांधा मुठीकडे सरकलेला असतो, त्याचा मोठा भाग एक मीटरहून किंचित लांब असतो. त्याची पेटी अर्थातच त्या मानाने लांब करावी लागते.

जोडकाम

पेटी आणि झाकण वेगवेगळे करून नंतर जुळवू पाहिल्यास ते क्वचितच तंतोतंत बसतात. म्हणून कसबी सुतार प्रथम सहाही बाजूंनी बंद असा एकच खोका तयार करतात आणि मग तो करवतीने आडवा चिरून झाकण वेगळे काढतात. दोन्ही भाग एकाच फळीतून निघाल्यामुळे कडा जुळतात आणि लाकडाच्या रेषाही अखंड दिसतात. या पद्धतीत करवतीचा छेद व त्यानंतरचे रंधाकाम यांत जाणारे सुमारे ३ मिलिमीटर फळीच्या उंचीत आधीच धरावे लागतात.

कोपऱ्यांसाठी एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतवावीत तसा सांधा सोयीचा असतो. त्यात सरस धरण्यास भरपूर पृष्ठभाग मिळतो. ज्या बोटातून पुढे छेद जाणार असेल, ते इतर बोटांच्या दुपटीहून छेदाच्या जाडीइतके अधिक रुंद ठेवावे. मग चिरल्यानंतर झाकणाला आणि तळाला सारख्याच रुंदीचे बोट मिळते. सरस लावून चौकट शिकंज्यात आवळल्यावर तिचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे असे समजावे. जनावरांच्या कातड्यापासून केलेला पारंपरिक सरस दमट हवेत मऊ पडतो. त्यामुळे पावसाळी प्रदेशात कृत्रिम पांढरा सरस अधिक भरवशाचा ठरतो.

सर्वाधिक चुका वरखालचे पत्रे बसविताना होतात. पत्र्याची रुंदी सुमारे ९ सेंटिमीटर आहे असे धरू. लाकडातील पाणी ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेले, तर सागवानाचा असा पत्रा रुंदीत सुमारे १ मिलिमीटर फुगतो. ८० सेंटिमीटरांच्या लांबीत मात्र त्याची वाढ नजरेस येण्याजोगी नसते. हा पत्रा चारही कडांनी चिकटवून टाकला, तर पावसाळ्यात तो कोपरे उलवतो आणि उन्हाळ्यात स्वतः उभा फाटतो. यावर उपाय म्हणजे बाजूच्या फळ्यांत आतून खाच पाडून पत्रा त्यात सरस न लावता मोकळा सरकवून ठेवणे. रुंदीच्या दोन्ही बाजूंस खाचेत थोडी जागा रिकामी सोडावी. पत्र्याला लाखेचा लेप खाचेत बसविण्यापूर्वीच द्यावा. नंतर दिल्यास पत्रा आकसताच कडेची कोरी पट्टी उघडी पडते. जुन्या घरांतील दारांचे दिलहे चौकटीत याच तत्त्वाने मोकळे बसविलेले असतात.

झाकण वेगळे केल्यावर पितळी बिजागऱ्या बसवाव्यात. एवढ्या लांबीस तीन बिजागऱ्या लागतात आणि तिन्हींचे खिळे एका रेषेत असावे लागतात. पितळी स्क्रू कठीण लाकडात जाताना सहज तुटतो. म्हणून आधी बारीक छिद्र पाडून त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून काढावा आणि मग पितळी स्क्रूला मेण लावून तो बसवावा. मूठ पेटीच्या अगदी मध्यावर लावू नये. क्यूच्या मुठीचा भाग दांडीपेक्षा बराच जड असल्याने भरलेल्या पेटीचा तोल मध्यापासून थोडा ढळलेला असतो. क्यू आत ठेवून बंद पेटी एका गोल दांड्यावर आडवी तोलून पाहिली की मूठ लावण्याची नेमकी जागा सापडते.

आतील बैठक

क्यूच्या प्रत्येक भागास तीन आधार पुरतात, दोन टोकांजवळ आणि एक मध्ये. आधारांच्या खाचांना नमदा किंवा बनात लावावी. क्यू निमुळता असल्याने सर्व खाचांची खोली सारखी ठेवून चालत नाही. प्रत्यक्ष क्यू त्यांत निजवूनच ती ठरवावी लागते. मधला आधार एक-दोन मिलिमीटर उंच राहिला आणि झाकणाच्या आतील गादीने दोन्ही टोके दाबली, तर पेटी बंद असेतोवर क्यू सतत वाकलेल्या स्थितीत राहतो. पावसाळ्याचे चार महिने असे गेल्यास तो बाक कायमचा होण्याचा संभव असतो. वरून देखण्या दिसणाऱ्या पेटीत ठेवलेला क्यू बिघडतो, त्याचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

याची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक आधारावर पातळ कागदाची एक पट्टी ठेवून तीवर क्यू निजवावा आणि पट्ट्या एकेक करून हलकेच ओढाव्यात. तिन्ही पट्ट्या सारख्याच अडकत निघाल्या तर आधार समपातळीत आहेत. मधली घट्ट आणि कडेच्या सैल निघाल्यास मधली खाच अधिक तासावी. झाकणाची गादी क्यूला जेमतेम टेकेल एवढीच असावी. क्यू आत खडखडू नये आणि दाबलाही जाऊ नये.

लेप आणि वापर

लाखेचा लेप या पेटीस विशेष योग्य आहे. लाख हे भारताचे जुने उत्पन्न असून तिच्यावरील संशोधनासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे एक संस्था स्थापन करण्यात आली. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्या लाखेचे पातळ थर हवेतील बाष्पाची ये-जा चांगलीच मंदावतात. लेप आतून आणि बाहेरून सारखाच द्यावा. केवळ बाहेरून दिल्यास फळीच्या दोन बाजू वेगवेगळ्या गतीने ओलावा घेतात आणि पत्रा पन्हळासारखा वाकतो. आतील बाजूस जवसाचे तेल लावू नये. बंद जागेत ते लवकर वाळत नाही आणि त्याचा वास क्यूला लागतो. लेप पूर्ण वाळून पेटी काही दिवस उघडी राहिल्यावरच क्यू आत ठेवावा.

पेटी कितीही चांगली असली तरी काही पथ्ये पाळावीच लागतात. खेळून झाल्यावर हाताच्या घामाने ओलसर झालेला क्यू कोरड्या फडक्याने पुसल्याविना पेटीत ठेवू नये. पेटी जशी बाहेरचा ओलावा सावकाश आत येऊ देते, तशी आतला ओलावाही सावकाशच बाहेर जाऊ देते. कोंडलेला घाम क्यूला उघड्या हवेपेक्षा अधिक घातक ठरतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पेटी विसरू नये. दूरच्या गावी पोहोचल्यावर ती काही तास बंदच ठेवावी, म्हणजे क्यूला नव्या हवेची सवय हळूहळू होते.

अशी पेटी बाजारातील चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या नळीपेक्षा जड असते आणि ती करण्यास काही आठवडे लागतात. पण तिच्यात बिघडलेला प्रत्येक भाग दुरुस्त करता येतो. बिजागरी बदलता येते, खाच पुन्हा तासता येते, लेप नव्याने देता येतो. ज्याने ती स्वतः बांधली, त्याला लाकूड का वाकते हेही कळलेले असते आणि आपला क्यू तो एरवीही अधिक समजून हाताळू लागतो.