एका वैराचे दोन मनोरे

इंदूरच्या सुदामा नगरातून फूटी कोठीचा चौक ओलांडला की धारचा रस्ता लागतो. धार साधारण साठ किलोमीटर, तिथून मांडव आणखी पस्तीस. इंदूरच्या मराठी घरांत मांडवची सहल ठरलेली असते. पावसाळ्यात निघायचे, जहाज महाल बघायचा, रूपमतीच्या मंडपात फोटो काढायचे आणि येताना मांडवची चिंच घ्यायची. या धावपळीत गावच्या चौकातला अशर्फी महाल दहा मिनिटांत उरकला जातो. उंच मनोरा कसा उभा राहतो, कसा चढायचा असतो आणि का पडतो हे समजून घ्यायला मात्र एका दिवसात जाऊन येण्याजोगी याहून चांगली जागा आपल्याजवळ नाही.

जामी मशिदीकडे पाठ करून अशर्फी महालाच्या पायऱ्यांसमोर उभे राहा. डाव्या कोपऱ्यात एक गोल, जाडजूड बुंधा दिसेल. उंची जेमतेम दहा मीटर. माळव्याचा सुलतान महमूद खिलजी याच्या विजयस्तंभाचे एवढेच उरले आहे. इमारत मूळची मदरशाची, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज असलेली. मेवाडच्या मोहिमेवरून परतल्यावर, १४४३ मध्ये, महमूदने वायव्येचा बुरूज चढवत चढवत सात मजल्यांचा केला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी इकडून गेला. त्याने या मनोऱ्याच्या १७० पायऱ्या, मजल्यामजल्याचे सज्जे आणि भिंतीत बसवलेला हिरवा दगड यांची नोंद करून ठेवली आहे. म्हणजे तेव्हा तो उभा होता.

मांडवचे गाइड इथे एक गोष्ट हमखास सांगतात: सुलतानाच्या राण्या लठ्ठ झाल्या, तेव्हा प्रत्येक पायरीला एक अशर्फी असे आमिष दाखवून त्यांना चढायला लावले, म्हणून हा अशर्फी महाल. गोष्ट ऐकून हसावे आणि सोडून द्यावी. मदरशाच्या खोल्या आणि कमानींचे व्हरांडे समोर दिसत असताना व्यायामशाळा शोधायची गरज नाही.

आता मोडलेल्या भिंतीजवळ जा. महमूदने मदरशाच्या अंगणाच्या जागी उंच ओटा करून त्यावर स्वतःची भव्य कबर बांधवली. तिचा घुमट कोसळला, मनोराही गेला. वास्तूचे अभ्यासक याचे कारण घाईचे बांधकाम असे देतात. पडक्या भिंतीच्या छेदात हे कारण डोळ्यांनी दिसते. बाहेरून घडीव दगडांची पातळ कातडी आणि आत चुन्यात बसवलेले ओबडधोबड दगडगोटे. मध्ययुगात अशा भिंती सगळीकडेच बांधत, त्यात फसवणूक नव्हती. खर्च आणि वेळ दोन्ही वाचत. पण बाहेरचा दगड आतल्या भरावाशी लांब दगडांनी नीट बांधून घ्यावा लागतो आणि चुना मुरायला वेळ द्यावा लागतो. वरचे मजले भराभर चढवले की खालचा भराव दबतो, बाहेरची कातडी फुगते, तडे जातात, आणि पावसाचे पाणी बाकीचे काम करते.

याची सर्वांत धक्कादायक साक्ष इटलीतल्या पाव्हिया शहरात मिळाली. तिथला नगर-मनोरा अकराव्या शतकापासून उभा होता. भिंती अशाच, दोन बाजूंना विटांची कातडी आणि मध्ये भराव. १७ मार्च १९८९ रोजी तो अचानक कोसळला आणि चौघे दगावले. भूकंप नाही, वादळ नाही. शतकानुशतके तोच भार सोसून भिंत आतून थकत गेली होती. या घटनेनंतर पिसाचा कलता मनोरा १९९० च्या जानेवारीत बंद झाला, तो दुरुस्तीनंतर २००१ च्या अखेरीस उघडला. बोलोन्यात दोन प्रसिद्ध मनोरे शेजारी शेजारी आहेत. त्यातला कललेला गारिसेंडा धोक्याचा ठरल्याने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो परिसर बंद करण्यात आला आणि शेजारचा आसिनेल्ली मनोरा चढणेही थांबले.

मनोऱ्याच्या आत जिना कुठून न्यायचा, हा बांधणाऱ्यापुढचा खरा पेच. भार वाहणाऱ्या भिंतीतच पोकळी करायची, म्हणजे उंची मिळते तशी ताकद जाते. आसिनेल्ली ९७ मीटर उंच. तो जवळजवळ पोकळ ठेवून आत भिंतीच्या कडेकडेने लाकडी जिना चढवला आहे. १६८४ मध्ये पुरा झालेल्या या जिन्याला ४९८ पायऱ्या आहेत. लाकूड हलके, म्हणून भार कमी. पण आगीची भीती कायमची. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, यामागेही हलकेपणाचा हिशेब होताच. त्याची किंमत १९८४ च्या आगीत मोजावी लागली. पिसाला जिना दुहेरी भिंतीच्या मधून फिरतो. दिल्लीच्या कुतुबमिनारात ३७९ पायऱ्या मधल्या खांबाभोवती गोल गोल वर जातात. वाट एकच, अरुंद आणि सलग. ४ डिसेंबर १९८१ रोजी आतले दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण मेले. त्यांत शाळेची मुले बहुसंख्य होती. तेव्हापासून कुतुबमिनार आतून बंद आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत शहाणा वाटतो तो चित्तोडचा विजयस्तंभ. आणि गंमत अशी, की तो मांडवच्याच मनोऱ्याचा प्रतिस्पर्धी आहे. मेवाडच्या परंपरेनुसार १४३७ मध्ये सारंगपूरला राणा कुंभाने महमूद खिलजीला हरवले. हे सारंगपूर इंदूरहून देवास-शाजापूरच्या वाटेने पुढे गेले की लागते. त्या विजयाचा स्तंभ कुंभाने बांधायला घेतला आणि १४४८ मध्ये पुरा केला. त्याच सुमारास महमूदने त्याच कुंभावरच्या विजयाचा मनोरा मांडवला उभारला. दोघेही जिंकले होते म्हणे! इतिहासात कोण खरा याचा वाद चालू राहील. बांधकामात मात्र कुंभाचा सूत्रधार, म्हणजे मुख्य स्थपती, जइता सरळ जिंकला.

चित्तोडचा स्तंभ नऊ मजली, ३७ मीटर उंच, १५७ पायऱ्यांचा. जिना कधी मधल्या गाभ्यातून चढतो, तर कधी गाभ्याभोवतीच्या सज्जातून. त्यामुळे पोकळी एकाच उभ्या रेषेत तळापासून माथ्यापर्यंत सलग राहत नाही आणि भार वाटला जातो. चढणाऱ्याचाही फायदा होतो. अंधाऱ्या जिन्यातून वर आलात की झरोक्यांचा उजेड आणि वारा असलेली मोकळी जागा मिळते. दम खायचा, उतरणाऱ्याला वाट द्यायची, मग पुढे. कुतुबमिनारात नेमके हेच नव्हते. भिंती आत-बाहेर मूर्तींनी भरलेल्या आहेत आणि अनेक मूर्तींखाली त्यांची नावे कोरली आहेत, त्यामुळे मूर्तिशास्त्र न शिकलेल्यालाही देव ओळखता येतात. पाचव्या मजल्यावर जइता आणि त्याचे तीन मुलगे यांच्या प्रतिमा आहेत. त्या काळी कारागिराला असा मान क्वचितच मिळे. सर्वांत वरचा घुमट विजेने मोडला होता. तो एकोणिसाव्या शतकात महाराणा स्वरूपसिंहांनी नव्याने बांधवला.

कुठलाही जुना मनोरा चढायचा असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. पायऱ्यांची उंची एकसारखी नसते. कारखान्यातल्या लादीची सवय झालेला पाय चौथ्या-पाचव्या पायरीला चुकतो, म्हणून पहिला मजला मुद्दाम सावकाश चढावा. पायरीचा मधला भाग हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला असतो. पाय भिंतीकडच्या खरखरीत भागावर टाकावा. पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी, एक हात मोकळा ठेवावा, मोबाइल खिशात. उतरणे चढण्यापेक्षा अवघड जाते, कारण गुडघे थकलेले असतात आणि नजर खाली खोलात जाते. जरा तिरके, आडवे पाऊल टाकत उतरले की बरे पडते. वर कुणी थांबले असेल तर मागून ढकलू नये. आणि खिळ्याने स्वतःचे व प्रियेचे नाव कोरणाऱ्यांना जागच्या जागी हटकावे. मूर्तीखालचे पाचशे वर्षांचे अक्षर आणि त्यावरचे यंदाचे बदाम हे एकत्र पाहिले की संताप येतो.

चित्तोड इंदूरहून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, रतलाम-मंदसौर-नीमच मार्गे; मुक्काम धरूनच जावे. स्तंभाच्या आत सोडायचे की नाही हे पुरातत्त्व खाते ठरवते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करून घ्या. दार बंद असले तरी फेरी वाया जात नाही. बाहेरून सज्जांच्या ओळी मोजत गेलात तरी आतल्या जिन्याची वाट ओळखता येते. त्याच गडावर याहून जुना, २२ मीटरचा जैन कीर्तिस्तंभ आहे, तोही बघा. क्रम मात्र बदलू नका: आधी मांडव, मग चित्तोड. मांडवला भिंतीच्या पोटात काय असते ते पाहिलेले असले, तरच चित्तोडची अखंड भिंत काय काम करते आहे ते कळते.