कोपऱ्यावरचं दुकान आणि वाण्याची वही

घरातली साखर संपली की कोणाला पिटाळलं जातं? तुम्हालाच ना! "पळ, वाण्याकडून अर्धा किलो साखर आण, आणि वहीत मांडायला सांग!" पायात चपला अडकवायच्या, दोन जिने उतरायचे, कोपऱ्यापर्यंत जायचं. पाच मिनिटांचं तर काम. पण दोस्तांनो, त्या पाच मिनिटांत तुम्ही एक नाही, दोन व्यवहार करून येता. एक साखरेचा आणि दुसरा चक्क कर्जाचा! पैसे न देता साखर आणलीत, म्हणजे दुकानदाराने तेवढे पैसे तुमच्या घराला उसने दिले. अर्ज नाही, सही नाही, जामीन नाही, व्याजही नाही. "जोशींची मुलगी" एवढी ओळख पुरते.

आमच्या डोंबिवलीत या वहीला फार काम. हे गाव चाकरमान्यांचं. सकाळी लोकलला लटकून मुंबई गाठायची आणि दिवेलागण उलटून गेल्यावर परतायचं. पगार महिन्यातून एकदा, भूक मात्र रोजची. मधल्या वीस-बावीस दिवसांचा पूल वाण्याने बांधला. आता बऱ्याच घरांत फोनवरून झटक्यात पैसे देतात, त्यामुळे वही थोडी बारीक झाली. पण रिक्षावाले काका, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकू यांचं तिच्यावाचून आजही अडतं. आता हे केंद्रच पाहा ना. सकाळी तेलाचा डबा आणि कणीक उधारीवर येते, दिवसभर पोळ्या लाटल्या जातात, आणि संध्याकाळी गाडीतून उतरलेली दमलेली माणसं त्या घेऊन घरी जातात. गल्ल्यात पैसे जमले की वाण्याची बाकी फिटते. भांडवल नसताना चार बायकांना रोजगार मिळाला, तो त्या तेलाच्या डब्यामुळे!

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका दुकानात दीडशे घरांची खाती आहेत आणि महिनाअखेर प्रत्येकाकडे सरासरी दीड हजार रुपये बाकी आहे. किती झाले? सव्वादोन लाख! एवढी रक्कम त्या लहानशा गाळ्याच्या मालकाने लोकांच्या घरात ठेवलेली असते. घाऊक व्यापारी काही थांबत नाही, त्याचे पैसे वेळेवर द्यावेच लागतात. आणि समजा, एखादं बिऱ्हाड दीड हजाराची बाकी बुडवून गुपचूप गाव सोडून गेलं. शंभर रुपयांच्या विक्रीत पाच रुपये सुटतात असं धरलं, तर तो खड्डा भरायला तीस हजारांचा माल विकावा लागेल! दुकानात "आज रोख, उद्या उधार" अशी पाटी दिसली की आपण हसतो. त्या पाटीमागे असा एखादा खड्डा असतो.

"पण मोठ्या दुकानात सगळं स्वस्त मिळतं!" असं तुम्ही म्हणाल. खरंच मिळतं. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईला निघालं. अशी दुकानं ट्रकच्या ट्रक माल उचलतात आणि कंपनीचे पैसे लवकर चुकते करतात, म्हणून त्यांना सूट मिळते. त्यातली थोडी तुमच्या पिशवीत पडते. जपून खर्च करणाऱ्या घराने महिन्याचं सामान तिथून भरलं, तर त्यात काहीच वावगं नाही. खरं तर वाण्याला टक्कर देणं आपल्याकडे फार जुनं आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, ती याच विचारातून. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, चांगला माल एकगठ्ठा आणायचा आणि आपसात वाटून घ्यायचा. भेसळ आणि मनमानी भाव यांना कंटाळून लोकांनी काढलेली ही वाट होती.

कारण वाणी म्हणजे कोणी देवमाणूस नव्हे, बरं का! पाकिटावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर एक रुपयाही जास्त मागणं कायद्याविरुद्ध आहे. तारीख उलटलेलं बिस्कीट मिळालं तर परत करा. आणि "सुट्टे नाहीत, चॉकलेट घे" म्हणणाऱ्या शेठना दुसऱ्या दिवशी तेच चॉकलेट सुट्ट्या पैशांऐवजी देऊन बघा. गंमत येईल!

मग या दुकानातलं असं काय आहे, जे मोठ्या दुकानात मिळत नाही? जेन जेकब्ज नावाच्या लेखिकेने १९६१ साली अमेरिकेतल्या शहरांवर एक पुस्तक लिहिलं. न्यूयॉर्कमध्ये ती राहायची त्या रस्त्यावरचे लोक पाहुण्यांसाठी घराची किल्ली कोपऱ्यावरच्या खाऊच्या दुकानात ठेवून जात, असं तिने त्यात नोंदवलंय. तिचं म्हणणं असं, की रस्ता सुरक्षित राहतो तो नुसत्या पोलिसांमुळे नाही, तर रस्त्याकडे लक्ष असणाऱ्या डोळ्यांमुळे. आणि दुकानदाराइतके तास रस्त्याकडे कोण बघतं? वाचताना डोंबिवलीची आठवण आली ना? आई-बाबा दोघंही लोकलने जाणारे, शाळा दुपारी सुटणार, आणि किल्ली? कुठे शेजारच्या काकूंकडे, तर कुठे खालच्या दुकानात!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि प्रवाशांच्या लोकल बंद झाल्या, तेव्हा हे सगळ्यांनाच कळलं. किराणा दुकानं अत्यावश्यक, म्हणून ती उघडी राहिली. ऑनलाइन मागवलेलं सामान यायला कित्येक दिवस लागत होते, तेव्हा यादी फोनवर गेली आणि पिशवी फाटकाशी आली. कोणत्या घरात एकटे आजी-आजोबा आहेत, कोणाला मधुमेह आहे, कोणाच्या बाळाला कोणती दूध पावडर लागते, हे वाण्याला कुठल्या यंत्राने सांगितलं नव्हतं.

आज मात्र ही दुकानं दोन बाजूंनी कात्रीत सापडली आहेत. एकीकडे दहा-पंधरा मिनिटांत दारात सामान आणून देणारे दादा. दुसरीकडे पुनर्विकास. डोंबिवलीत जुन्या तीन-चार मजली इमारती पाडून उंच इमारती उभ्या राहताहेत. घरं मोठी होतात, लिफ्ट येते, आनंदच आहे. पण बांधकाम चालू असताना तळमजल्यावरचं दुकान दोन-तीन वर्षं दुसरीकडे हलवावं लागतं आणि वहीतली घरंही चारी दिशांना पांगतात. मालक भाडेकरू असेल, तर नव्या गाळ्याचं भाडं झेपत नाही. त्याच्या मुलीला इंजिनिअर व्हायचं असतं, आणि तिने तरी पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर का बसावं? मग इमारत उभी राहते, वाणी परत येत नाही. त्या जागी एखादं एटीएम येतं. त्याच्याकडे पैसे असतात, पण "दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा दोन दिवस दूध न्यायला आले नाहीत" हे ते कोणाला सांगणार?

तुमच्या कोपऱ्यावर असं दुकान अजून असेल, तर या रविवारी गर्दी कमी झाली की जा. दुकान कोणत्या साली सुरू झालं, तेव्हा समोर इमारत होती की भातशेती, आणि सगळ्यात जुनं खातं कोणत्या घराचं, ते विचारा. उत्तर लांबलचक असेल, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. आणि हो, निघताना घरची मागची बाकी किती आहे तेही विचारून या!