रेंज गेली, तरी ठिकाण कळतं!

नरसिंहपूरला नीरा-भीमेच्या संगमावर मोबाइलची रेंज गेली, तरी हातातलं जीपीएस यंत्र जागा दाखवतंच. कसं?

समजा, तीन देवळांत ठरल्या क्षणी घंटा वाजल्या. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कुठली घंटा किती उशिरा ऐकू आली, त्यावरून तिचं अंतर निघतं. तिन्ही अंतरं जुळतात तिथे आपण. इथे घंटा म्हणजे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह आणि आवाजाऐवजी रेडिओलहरी. यंत्र नुसतं ऐकतं, बोलत नाही. म्हणून टॉवर लागत नाही. चौथा उपग्रहही हवाच, कारण यंत्रातलं घड्याळ स्वस्तातलं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटरचा घोळ!

परदेशी शिकारी अशी यंत्रं बाळगतात. आपल्याकडे मात्र १९७२च्या कायद्यानं वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. तेव्हा सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहायला जाताना दुर्बीण आणि हे यंत्र न्यावं. घेताना बटणांचं आणि पेन्सिल सेलवर चालणारं घ्यावं; उन्हात टचस्क्रीनशी झटापट कोण करणार? मात्र उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं परदेशातून आणू नका, त्याला परवाना लागतो.