उशी टाचेखाली, गुडघ्याखाली नव्हे

ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला आणि हे ऑपरेशन घरोघरी चर्चेत आलं. 2017 मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीही बांधून दिल्या.

खरी कसोटी मात्र ऑपरेशननंतरची.

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावात आजी घरी परतली, की घरचे मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवतात. वाकलेला गुडघा तसाच आखडतो. म्हणून नर्स गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवते, गुडघा गादीकडे दाबायला लावते आणि पाच आकडे मोजते. मांडीचा स्नायू थरथरत जागा होतो. दुखतं, पण हे टाळू नयेच.

ओट्याची पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. उकिडवं बसणं बंद. शौचाला कमोडची खुर्ची.