सावकाश जाण्यासाठी बांधलेली बोट

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात मॅरियन आणि मोल्ट्री असे दोन जोडतलाव आहेत. नुसतं तलाव म्हटलं तर अंदाज यायचा नाही. दोघांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे १,७०,००० एकर. सगळी बृहन्मुंबई आत ठेवली तरी काठाला जागा उरेल. १९३९ साली सँटी नदीवर धरण बांधायला घेतलं, तिचं पाणी कूपर नदीकडे वळवलं आणि १९४२ मध्ये वीज सुरू झाली. मध्येच महायुद्ध आलं, विजेची घाई झाली आणि मॅरियनच्या पोटातलं जंगल पुरतं तोडायचं राहून गेलं. ते अजून तिथंच आहे. काही खोडं पाण्याबाहेर डोकावतात, बाकीचे बुंधे पाण्याखाली दबा धरून बसलेत. तलावाला नाव दिलंय फ्रान्सिस मॅरियनचं. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात इथल्या दलदलींतून इंग्रजांशी गनिमी काव्यानं लढलेला हा सेनानी, त्यामुळे दबा धरणं हा इथल्या मातीचाच गुण म्हणायला हरकत नाही.

या पाण्यात कॅटफिश वाढतात. आपल्या शिंगाळ्या-मागुरांचेच दूरचे मिशाळ नातेवाईक, पण अंगानं अचाट. चॅनल कॅटफिशचा जागतिक विक्रम, ५८ पौंडांचा म्हणजे सुमारे २६ किलोंचा, १९६४ साली इथेच झाला. त्याच्याहून थोराड असलेला ब्लू कॅटफिश त्याच दशकात इथं बाहेरून आणून सोडला. त्या जातीचा विक्रम मात्र २०११ साली व्हर्जिनियातल्या केर तलावात झाला: १४३ पौंड, जवळजवळ ६५ किलो. गळ टाकणाऱ्या माणसाच्याच वजनाचा मासा!

असल्या माशामागे जायला बोट कसली हवी? वेगाची, असं कोणीही म्हणेल. मोठ्या तलावावर दूरची जागा गाठायला ताकदीचं इंजिन लागतं, ते खरं. पण एकदा जागा गाठली की ते बंद होतं, आणि मग या बोटीचं खरं कसब सुरू होतं: ताशी पाऊण-एक किलोमीटरनं सरकणं. रमतगमत चालणारा माणूसही तिला सहज मागं टाकेल. एवढा पैसा ओतून एवढी संथ वस्तू बांधतात, याचं कारण माशाच्या अंगात आहे.

कॅटफिशची चव फक्त तोंडात नसते. मिशांवर, परांवर, सगळ्या कातडीवर मिळून लाखाच्या वर रुचिकलिका असतात. गढूळ पाण्यात, अंधारात तो सांडलेल्या रक्ताचा माग चवीनं काढतो; असा माग काढायला वेळ लागतो, म्हणून आमिष संथच सरकायला हवं. कातडीतले सूक्ष्म खळगे दुसऱ्या जिवाच्या शरीरातली क्षीण वीजही टिपतात. आणि कानाचं तर नवलच. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी गेलेली असते. पाण्यातल्या आवाजानं पिशवी थरथरली की ती थरथर हाडं थेट कानात पोचवतात. म्हणजे पोट हाच त्याच्या कानाचा पडदा.

म्हणून बोटीवर गप्पा खुशाल माराव्यात. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळा परत फिरतो, हजारात एखादा भाग आत शिरतो. पण शिशाचा गोळा बोटीच्या तळावर सांडला तर पत्रा स्वतःच पाण्याला टेकलेला असतो; तो ठणका हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं पाण्यात पसरतो. इथं पसंती बहुधा जोडकाम केलेल्या जाड अॅल्युमिनियमच्या बोटीला मिळते. बुंध्यावर आदळली तर फायबरग्लासला तडा जाऊ शकतो, अॅल्युमिनियमला पोचा पडून भागतं. ढोलासारखं वाजणं हा मात्र याच धातूचा दुर्गुण, म्हणून तळावर रबरी मॅट हवीच. मॅटला चैन समजणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता आकार. तळ खोल इंग्रजी व्हीसारखा असेल तर लाटा छान कापतो, पण थांबल्यावर डुलतो. सपाट तळ थांबल्यावर स्थिर, पण लाटांवर कंबरडं मोडतो. म्हणून पुढं धार आणि मागं पसरट अशी तडजोड करतात. खरी गंमत रुंदीत आहे. बोट कलंडू नये म्हणून पाणी तिला जो आधार देतं, तो रुंदीच्या घनानुसार वाढतो. तितक्याच लांबीची बोट सहा फुटांऐवजी आठ फूट रुंद केली, तर रुंदी एक-तृतीयांशानं वाढते आणि आधार जवळजवळ दोन पूर्णांक चार पट होतो! तीन जण एकाच कडेला धावले तरी चालतं ते यामुळे. मग दहा-बारा फूट रुंद का नाही बांधत? कारण बोट ट्रेलरवरून तलावाला न्यायची असते, आणि अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर खास परवान्याशिवाय साडेआठ फुटांपेक्षा रुंद काही नेता येत नाही. पाण्यावरच्या बोटीचं माप रस्त्यानं ठरवलंय.

सरकण्याचं काम वारा करतो. बोट वाऱ्याला आडवी धरायची, वाऱ्याकडच्या कडेवर ओळीनं गळाच्या काठ्या लावायच्या आणि दोर मागं ओढत न्यायचे. गळाच्या मांडणीला या तलावांचंच नाव आहे, सँटी कूपर रिग. वजन तळाशी फरफटत येतं, आणि आमिषाच्या अलीकडे ओवलेला बोटभर फ्लोट आमिषाला चिखलातून थोडं वर उचलून धरतो. वजनाचीही युक्ती आहे: दोरीच्या पोकळ नळीत छर्रे भरून केलेली लवचीक कांडी, बुंध्यांच्या फटींतून वळवळत निसटणारी.

पण वारा कुणाचं ऐकत नाही. तो दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. बोट सुसाट निघू नये म्हणून शंकूच्या आकाराची कापडी पिशवी पाण्यात सोडतात, ड्रिफ्ट सॉक. दुप्पट वाऱ्यात तोच संथपणा राखायचा तर पाण्याची अडवणूकही चौपट करावी लागते, म्हणून शहाणा माणूस दोन-तीन मापांच्या पिशव्या बाळगतो.

वारा पडला की विजेची छोटी मोटर. १९३४ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गोत ओ. जी. श्मिट यांनी मोटारगाडीच्या स्टार्टरला पंखा जोडून ती घडवली. आता ती उपग्रहांवरून स्वतःची जागा ओळखते, जरा सरकली की तोंड फिरवून परत येते, आणि नांगर न टाकता बोट एका जागी थोपवून धरते. पुढं जाण्यासाठी जन्मलेलं यंत्र न हलण्यात तरबेज व्हावं, हे मला फार आवडतं.

आमिषाला ताजा शाड मासा लागतो. तो पाग टाकून धरायचा आणि जिवंत ठेवायचा तर टाकी गोलच हवी, कारण शाड सतत पुढं पोहत राहतो आणि चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात नाक आपटून मरतो. दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो, तीन माणसांचा भार. तो मध्याजवळच ठेवावा. अर्धी भरलेली टाकी तर भरलेलीपेक्षा वाईट. बोट कलली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं.

काठीचे स्टँड स्क्रूनं नकोत, आरपार बोल्टनं आवळावेत. इथं वापरतात त्या गोल वळणाच्या गळाला झटका द्यायचा नसतो; मासा आमिष घेऊन वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. तेवढा वेळ सगळा हिसका स्टँड सोसतो.

राहिला नांगर. तो नेहमी बोटीच्या पुढच्या टोकाला बांधायचा. मागची बाजू बुटकी, त्यात इंजिनाचं ओझं. तिथं नांगर बांधला आणि लाट आली तर दोर बोटीला वर उठू देत नाही, पाणी आत येतं आणि पाहता पाहता बोट बुडते. मॅरियनमध्ये त्यात बुंध्यांची भर. नांगर अडकणार हे धरूनच चालायचं. म्हणून दोर नांगराच्या वरच्या कडीऐवजी बुडाला बांधतात आणि कडीपाशी तो प्लास्टिकच्या साध्या केबल-टायनं अडकवतात. नांगर रुतला की बोट त्याच्यावर नेऊन जोरात हिसका द्यायचा. टाय तुटतो, ओढ उलटी होते आणि नांगर बुडाकडून मागच्या मागं निघून येतो. टायचं पाकीट तेवढं भरलेलं असू द्यावं.